वीज आणि पायाळू पोट्टी

माझ्या जाण्याचा मुहूर्त आईनं पंचांगात बघितला नाही, आभाळात बघितला. मामा आदल्या दिवशीच नागपूरहून मला न्यायला येऊन बसला होता. माझी पिशवी दाराशी तयार होती. आणि आई आपली पहाटेपासून अंगणात मान वर करून उभी. एक एसटी गेली, दुसरी गेली. मामा वैतागून म्हणाला, एसटी काय आभाळ पाहून सुटते का? आईला ते ऐकू गेलं नसावं, कारण तिचा उजवा कान तेव्हा नुकताच गेला होता. उन्हं चांगली वर आली, ढगाचा पुंजकाही कुठं उरला नाही, तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"जाय आता. साफ हाय."

एवढंच बोलली. रडली नाही, जवळ घेतलं नाही, दह्याचा चमचा तेवढा तोंडात घातला. एसटी हलली तेव्हा मी खिडकीतून तिच्याकडे बघत होते आणि ती बघत होती एसटीच्या टपावरच्या आभाळाकडे.

पारशिवनीकडचं आमचं गाव नागपूरपासून असं कितीसं लांब? गाव सोडून तुमच्यातले जे पुण्याला गेले, दुबईला गेले, ते हसतील मला. सकाळी निघाली की जेवायच्या आत माहेरी पोचते, हिला कसलं आलंय गाव सोडल्याचं दुःख! पण बाबांनो, तुम्हाला गावानं हार घालून पाठवलं. तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसणारे लोक मागं होते. मला गावानं जा म्हटलं होतं, आणि परत ये म्हणणारं कोणी नव्हतं. असं गाव दुबईपेक्षा लांब असतं.

आता कारण सांगते. मी पायाळू.

शहरात वाढलेल्या तुमच्या लेकरांना हे समजावून सांगावं लागेल. सगळी माणसं डोक्याकडून जन्माला येतात, मी पायांकडून आले. घरीच बाळंतपण, गावचीच दाई, त्यामुळे माझं तोंड बघायच्या आधी गावानं माझे पाय बघितले होते. पायाळू माणसाच्या पायात गुण असतो म्हणतात. कोणाच्या कमरेत लचक भरली, पाठीत उसण भरली, की पायाळूनं हलकेच लाथ मारायची. मी चालायला लागले तेव्हापासून आमच्या दारात सकाळी सकाळी कोणी ना कोणी पालथं पडलेलं असायचं. भल्या भल्या माणसांना मी लाथा मारल्या आहेत, सरपंचापासून कीर्तनकारापर्यंत! लाथ खाऊन ते मलाच गूळ देऊन जायचे. मला वाटायचं, केवढी मोठी असामी आहे मी.

पण पायाळूचं दुसरंही एक आहे. वीज म्हणे पायाळू माणसाला शोधत येते. आभाळ गडगडायला लागलं की पायाळूजवळ कोणी थांबू नये, ती त्याच्यावर पडते आणि आजूबाजूच्यांनाही घेऊन जाते. उन्हाळ्यात ज्या पायांसाठी लोक उंबऱ्यावर झोपायचे, त्याच पायांना पावसाळ्यात चार हात लांब ठेवायचे. आई मला आतल्या खोलीत बसवून पायांवर वाकळ टाकायची, विजेला दिसू नयेत म्हणून. बाहेर कडाड झालं की ती वाकळीवरून माझे पाय दाबून धरायची. मी विचारायची, आई, वीज खरंच येते का गं? ती म्हणायची, "गप बस. पाय आत घे."

बाबा मी लहान असतानाच गेले, मागं आई, मी आणि धाकटा भाऊ. आमचं रान म्हणजे एक पट्टा धानाचा, बाकी आईचं पोट रोवणीच्या टोळीवर. आमच्याकडे धान रोवायला बायांची टोळी असते, एका ओळीत वाकून चिखलात रोपं खोचत मागं मागं सरकायचं. टोळीत जागा असली तर पावसाळाभर काम, नसली तर घरी बसा. मी पंधरा-सोळाची झाले तशी आईनं मलाही टोळीत घातलं. बाया कुरकुरल्या. पण शेवंताकाकू, आमच्या शेजारची, तिचं टोळीत वजन होतं. तिच्या कंबरेला माझ्या लाथेनं गुण आला होता. ती म्हणाली, येऊ द्या पोट्टीले, आभाळ वाजलं तर बाजूला बसंल. अशी माझी टोळीत भरती झाली.

आणि आभाळ वाजलं तेव्हा मी बाजूला बसलेच. त्या दिवशी दुपारी टेकड्यांकडून काळं भरून आलं, वारा सुटला, आणि बाया हातातली रोपं टाकून बांधावरच्या मोहाच्या झाडाकडे पळाल्या. जुना, मोठा मोह होता. त्याच्याखाली सगळी टोळी मावायची. मीही पळाले. तर बांगड्या वाजवत बाया मागं सरकल्या आणि कोणीतरी ओरडलं, तू नको येऊ वं इकडं, तू तिकडं जाय! मी आईकडे बघितलं. आई काहीतरी म्हणेल असं वाटलं. ती म्हणाली, "जाय, बांधाखाली बस."

मी गेले. पलीकडच्या बांधाखालच्या खळग्यात गुडघ्यात डोकं घालून बसले. पाय लपवायला वाकळ नव्हती म्हणून ते चिखलात खुपसले. खरं सांगते, मी विजेलाच हाक मारत होते. ये म्हणत होते, माझ्यावरच ये, म्हणजे या बायांना कळेल. एवढा राग आला होता.

वीज मोहावर पडली.

तो आवाज मी सांगणार नाही, सांगता येत नाही. मी डोकं वर केलं तेव्हा मोहाची एक बाजू सोलल्यासारखी पांढरी दिसत होती आणि खाली बाया इकडेतिकडे पडलेल्या. शेवंताकाकू गेली. दोघी भाजल्या. आणि आई मोहाखाली नव्हती. ती मोहाच्या आणि माझ्या मध्ये, रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाण्यात आडवी पडलेली. तिला नुसता झटका बसला होता. उजवा कान गेला तो तेव्हाच.

शेवंताकाकूला त्यांनी शेणखताच्या खड्ड्यात मानेपर्यंत पुरलं. वीज अंगातून शेणात उतरते, अशी समजूत. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं सोडून सगळं गाव खड्ड्याभोवती बसून राहिलं. काही म्हणतात तिचा श्वास चालू होता. मला नाही माहीत. मी लांब उभी होते, मला जवळ येऊ दिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, वीज पडली मोहावर, तू होतीस खळग्यात, मग तुझा काय संबंध? शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं की वीज उंच झाडावर पडते, झाडाखाली थांबू नये. पण गावाचा हिशेब वेगळा निघाला. वीज हिलाच शोधत आली होती, ही सापडली नाही म्हणून झाडावर गेली, असं ठरलं. जवळ बसले असते तरी माझाच दोष, लांब बसले तरी माझाच. गावाचं आपलं चित भी मेरी, पट भी मेरी. टोळीनं आईला निरोप पाठवला, पोट्टी गावात असंल तर तू येऊ नको कामाले. आणि आईनं मामाला बोलावणं पाठवलं.

मामा नागपूरच्या कडेला, हुडकेश्वरला राहायचा. तेव्हा तिकडे आजच्यासारख्या इमारती नव्हत्या, प्लॉट पाडलेले, मध्ये मध्ये घरं आणि बाकी बाभळी. मामीनं मला एक खाट दिली, एक खुंटी दिली आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की तुझं ते गावाकडचं इथं कोणापाशी बोलू नको. मी बोलले नाही. नागपूरला कोणी विचारतही नाही तुम्ही डोक्याकडून आलात की पायांकडून. काय करता, कुठं राहता, किराया किती, हेच विचारतात. गडगडलं की इथले लोक म्हणतात, चला, लाइट जाणार. एवढीच त्यांची विजेशी ओळख! मला ते इतकं आवडलं की पहिल्या पावसाळ्यात मी मुद्दाम चौकात, चार लोकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहायची. कोणी बाजूला सरकत नसे.

पुढं नागपुरातच सदरला एका चष्म्याच्या दुकानात लागले, आजही तिथंच आहे. लग्न होऊन घरही हुडकेश्वरलाच केलं. गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलते, शेठशी अर्ध्या हिंदीत, घरी पुस्तकी मराठीत. फक्त झोपेत म्हणे मी गावाकडचं बोलते, असं आमचे हे सांगतात. यांना मी लग्नानंतर महिन्याभरानं सांगितलं, घाबरत घाबरत, की मी पायाळू आहे. हे पोट धरून हसले. आणि आठवड्यानं सिलिंडर उचलताना लचक भरली तर गुपचूप सतरंजीवर पालथे झाले. "मार वं एक," म्हणाले. मीही मारली. जरा जोरातच मारली.

पण अंगात बसलेलं जात नाही. दुकानात काचेपलीकडं लखकन झालं की माझे पाय आपोआप स्टुलाच्या दांडीवर चढतात. शेठ विचारतात, क्या हुआ, चूहा है क्या? मी हो म्हणते. मोबाइलवर विजेचा इशारा आला की मी तो आधी गावी भावाला पाठवते आणि लिहिते, आईला झाडाखाली जाऊ देऊ नको. ती जात नाही म्हणा. त्या दिवसानंतर ती मोहाच्या वाटेनंसुद्धा गेली नाही.

आणि इतकी वर्षं एकच गोष्ट मला कुरतडत राहिली. गावाचं मी सोडून दिलं, गावाला अक्कल नव्हती. शेवंताकाकूसाठी मी रडून घेतलं. पण आई त्या बांधीत मध्येच का होती? मी गुडघ्यात डोकं घातलं होतं, मला दिसलं नाही. ती मोहाखालून निघून माझ्याकडे येत होती, की मला बांधाखाली पाठवून त्यांच्याकडे जात होती? माझ्याकडे येत असेल तर ती माझी आई. तिकडे जात असेल तर तिचाही त्या गोष्टीवर विश्वास होता, आणि मग तिनं मला नागपूरला पाठवलं ते मला वाचवायला की मला टाकायला? मी माहेरी जायची ते अर्ध्या दिवसासाठी, साफ आभाळ बघून, आणि दरवेळी न विचारता परत यायची. विचारलं आणि नको ते उत्तर आलं तर काय करायचं?

यंदा भावाला मुलगी झाली. खूप उशिरा, नवससायास करून. फोनवर तो आनंदाच्या भरात बोलून गेला, बाळ उलटं होतं, पाय खाली होते, म्हणून डॉक्टरनं सिझर केलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की तो हे कोणाला सांगतोय. मागून आईचा आवाज आला, फोन माह्यापाशी दे. एका कानानं ऐकणारी माणसं मोठ्यानं बोलतात, पण त्या दिवशी ती हळू बोलली. म्हणाली, गावात सांगतलं हाय, नाळ गळ्यात होती म्हणून पोट फाडलं. तूही तेच सांगजो. बारशाले ये.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नातीसाठी खोटं बोलता येतं तर! माझ्या वेळी दाई होती, गावाला आधीच कळलं होतं, हे मलाही समजतं. पण निदान त्या मोहाखाली एक शब्द? जायचं नाही असं ठरवलं. पण आत्या मी एकटीच. पाळण्यात नाव आत्यानंच ठेवायचं असतं. पोरीनं काय पाप केलं? गेले.

दिवस हत्ती नक्षत्राचे. परतीचा पाऊस, आणि तो कसा वाजत वाजत जातो ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी मात्र ऊन होतं. आई घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसली होती. मी तिच्या डाव्या बाजूला, चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन बसले. मीही चार हरभरे हातात घेतले. आणि विचारून टाकलं की त्या दिवशी बांधीत तू कोणाकडे येत होतीस.

कोणता दिवस, असं तिनं विचारलं नाही. तिची बोटं चालूच राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग ती सुपाकडे बघतच बोलली.

"कोणाकडंच नाही वं. मी उभीच होती. तुह्याकडं याव का त्यायच्यात जाव, समजलंच नाही मले."

मग एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "विजेले पाय दिसते का कोणाचे? मले तवाही माहीत होतं. लोकायले दिसते."

मी उठून मागच्या दारी गेले आणि रडले. तिचा विश्वास असता तर बरं झालं असतं, असं वाटलं. अडाणी होती बिचारी, म्हणून मी माफ करून टाकलं असतं. पण हिला माहीत होतं! माहीत असून तोंडातून शब्द निघाला नाही. टोळी सुटली असती, चूल विझली असती, भाऊ लहान होता, हे सगळं मला कळतं, मीही आता संसारी बाई आहे. कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही.

दुपारी बाया जमल्या. त्याच टोळीतल्या, आता केस पिकलेल्या, आणि त्यांच्या सुना. शेवंताकाकूची सून मंदाही आली, कंबर धरून. काकूसारखीच तिची कंबर. मला बाजूला घेऊन म्हणाली, बाई, जायच्या आधी एक लाथ मारून जाजो, गोळ्या खाऊन कंटाळली. मला हसावं की रडावं कळेना. मारली. मग उठता उठता तिनं पाळण्याकडं बघून, अगदी सहज, विचारलं, "लेकरू तुह्यासारखं तर नाही ना वं आलं?"

आजूबाजूच्या चार जणींचे कान इकडेच होते. खरं सांगावं असं माझ्या ओठावर आलं होतं. माझ्यासारखंच आहे म्हणून सांगावं आणि बघावं काय करता ते. पोट फाडून काढलेलं लेकरू पायाळू होतं की नाही, यावर तुमची पंचायत बसू द्या. पण पाळण्यात ती इवलीशी, मूठ चोखत पडलेली. तिला अजून टोळी बघायची आहे, शाळा बघायची आहे, पोरींच्या घोळक्यात बसून पावसात भिजायचं आहे.

"नाही," मी म्हटलं. "माह्यासारखं नाही. नाळ होती गळ्यात."

मंदाचा जीव भांड्यात पडला. आणि मला एकदम फार एकटं वाटलं. सगळ्या गावात पायाळू ती मी एकटीच उरले, आणि मी तर तिथं राहतही नाही.

तोवर बाहेर भरून आलं होतं. भाऊ म्हणाला, उरकून घ्या. पाळण्याशी मी वाकले. रीत अशी की आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात, हसत, जोरात, जितके जोरात तितकी मजा. बाया माझ्या मागं गोळा झाल्या. कोणाच्या तरी बांगड्या माझ्या पाठीशी वाजल्या. मी पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि त्याच क्षणी बाहेर कडाड झालं, अगदी घरावरच. भांडी वाजली.

मी नाव सांगितलं. पाठीवर काही पडलं नाही. मला वळून बघायची गरज नव्हती, बांगड्या मागं सरकल्याचा आवाज मी ओळखते. मोहाखाली ऐकला होता तोच. मी तशीच वाकून राहिले. पोरीचे उघडे पाय माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि माझा हात दुपट्याकडे गेला, ते झाकायला.

तेवढ्यात पाठीत धपकन बसली. मी पाळण्यावर आदळता आदळता राहिले. अशी सणसणीत की डोळ्यांतून पाणी आलं. मागोमाग दुसरी.

"काहून थांबल्या वं साऱ्या?" आईचा आवाज होता, मोठा, सगळ्या घराला ऐकू जाईल असा. "माही लेक हाय. मारा!"

ती स्वयंपाकघराच्या दारात होती, मी बघितलं होतं वाकायच्या आधी. तिथून माझ्यापर्यंत, सगळ्या बायांच्या मधून, ती चालत आली होती. बाहेर दुसऱ्यांदा कडाडलं तेव्हा तिचा हात माझ्या पाठीवरच होता. मग मंदानं एक घातली, घाबरत, पोचट. मग आणखी एकीनं. सगळ्यांनी नाही घातल्या. दोघीतिघी दारापाशीच उभ्या राहिल्या, आणि त्या का उभ्या आहेत ते मला माहीत होतं. उद्या नाळेची गोष्ट फुटली तर याच बाया पोरीकडे कशा बघतील, तेही माहीत आहे. एका धपाट्यानं गाव बदलत नाही.

पोरीच्या पायांवर दुपटं टाकायचं राहून गेलं. आईनंही टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघाले तेव्हा आभाळ गच्च होतं. आई एसटीपर्यंत आली. एकदाही वर बघितलं नाही तिनं, माझ्याकडेच बघत होती, अन् डबा सांडला नाही ना, पिशवीची चेन लाव, असलं काहीबाही बोलत होती. मी खिडकीतून हात काढला तर म्हणाली, "दिवाळीले ये. आभाळ पाहत नको बसू."

हुडकेश्वरला पोचले तर मला धड वाकता येईना. यांनी दार उघडलं, माझी चाल बघितली आणि विचारलं, काय झालं, पाठ का धरली, लचक भरली का?

म्हटलं, नाही. माहेराहून आले.